बॉस्टनचे डॉलर आणि शारदा सदन

पंडिता रमाबाईंचे 'यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे १८८९ सालचे पुस्तक वर्गात शिकविताना आम्ही आजवर त्याच्या भाषेविषयी आणि प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराविषयी बोलत आलो. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने निराळाच प्रश्न विचारला. ती भाईंदर पूर्वेला राहते. घरी आईच्या बरोबरीने इमिटेशन ज्वेलरीचे खडे चिकटविण्याचे काम करते. मजुरी नगावर मिळते. तिने विचारले, "रमाबाईंनी जे केले ते अमेरिकेच्या पैशावर केले. मग ते आपले कसे म्हणायचे?"

प्रश्नात कुत्सितपणा नव्हता. पण तो तिचा एकटीचाही नव्हता. रमाबाईंवर गेली सव्वाशे वर्षे जो आक्षेप घेतला जातो, त्याचा हा सौम्य अवतार होता. तासाला दिलेले उत्तर आमचे आम्हालाच पुरेसे वाटले नाही. म्हणून हा लेख.

'परकीय मदत' हा शब्दच आपल्याकडे जरा खजील करणारा आहे. मागच्या पिढीला तो ऐकताच बाहत्तरच्या दुष्काळातली मिलो आणि सुकडी आठवते, किंवा राजकीय भाषणांतला 'परकीय हात' आठवतो. पहिल्यात लाचारी, दुसऱ्यात कारस्थान. बाईच्या हाताला कसब देणारा, तिला तिच्या नावाची मिळकत मिळवून देणारा परका पैसा या दोन्ही चित्रांत बसत नाही. महाराष्ट्रात तो आला होता, आणि त्यातून काय निघाले हे आपल्या वाङ्मयाच्या इतिहासातच नोंदलेले आहे.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या त्या स्वतःच्या लेखणीच्या बळावर; प्रवासखर्चाला हातभार लागला तो 'स्त्रीधर्मनीति' या त्यांच्या पुस्तकाच्या विक्रीचा. तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी रमाबाईंना अमेरिकेला बोलाविले. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलेल्या रमाबाई दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या. १८८७ मध्ये त्यांचे 'द हाय-कास्ट हिंदू वूमन' हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. या पुस्तकाची चर्चा बहुधा बालविवाह आणि वैधव्य यांच्या वर्णनापाशी थांबते. आमच्या मते त्याचा गाभा शेवटच्या प्रकरणात आहे. तेथे रमाबाई उच्चवर्णीय स्त्रियांच्या तीन गरजा सांगतात: स्वावलंबन, शिक्षण आणि देशी स्त्री-शिक्षिका. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. स्वावलंबन पहिले. विधवेला घरात उष्टे-खरकटे काढीत का राहावे लागते, याचे उत्तर रमाबाई शास्त्रात शोधतात तसे तिच्या रिकाम्या हातांतही शोधतात. तिला बाहेर पडता येत नाही, कारण बाहेर पोट भरण्याचे साधन तिच्याजवळ नाही. म्हणून त्यांनी मागितले ते असे घर, जेथे विधवेला आपली जात आणि आचार सांभाळून राहता येईल आणि शिक्षिका, परिचारिका होण्याचे किंवा हस्तकौशल्याचे शिक्षण घेऊन ती बाहेर पडेल. मिशनऱ्यांच्या आश्रयाला जायचे तर जात सोडावी लागते आणि त्या भीतीने बाया येत नाहीत, हे स्वतः ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंनी अमेरिकन वाचकांना स्पष्ट सांगितले.

थोडक्यात, योजना मराठी बाईची होती. मागणी परक्या देशात होती. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला 'अमेरिकन रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली. एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन धर्मोपदेशक तिचे अध्यक्ष होते. मद्यपानबंदीच्या चळवळीतल्या फ्रान्सिस विलर्ड उपाध्यक्षांपैकी एक होत्या. निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांची माणसे तीत होती आणि कदाचित त्यामुळेच संस्था कोणत्याही पंथाचा प्रचार करणार नाही, ही अट सर्वांना सोयीची ठरली. गावोगावी 'रमाबाई मंडळे' निघाली. सभासदाने वर्षाला एक डॉलर द्यावयाचा, आणि तो दहा वर्षे देत राहावयाचा.

या दहा वर्षांच्या कराराकडे आमच्याकडील अभ्यासकांनी जेवढे लक्ष द्यावयास हवे होते तेवढे दिले नाही असे वाटते. दानशूर माणूस एकदा देतो आणि विसरतो. नाहीतर एकदा देतो आणि जन्मभर आठवण करून देतो. येथे प्रत्येकी रक्कम क्षुल्लक, मुदत मात्र आधीच ठरलेली. आठ-नऊ वर्षांची निरक्षर बालविधवा आली तर तिला वाचायला, मग शिकवायला, मग कमवायला लागेपर्यंत एवढी वर्षे जाणारच, हा साधा हिशेब त्यामागे आहे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक तरुण विधवा होती. तिचा भाऊ नरहरपंत जोशी हा मुंबईत धोंडो केशव कर्वे यांचा सहनिवासी. पुढे १८९३ मध्ये विधुर कर्व्यांनी या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, हे सर्वश्रुत आहे. त्याकडे आपण पुन्हा येऊ.

१८९० मध्ये सदन पुण्यास आले आणि वादळ सुरू झाले. बॉस्टनच्या समितीने येथे एक सल्लागार मंडळ नेमले होते. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर त्यात होते. टिळकांच्या 'केसरी'ने सदनात धर्मांतराची तयारी चालते असा आरोप लावून धरला. तंटा वरकरणी क्षुल्लक गोष्टीवरून होता. रमाबाई रोज आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, हिंदू मुलींना आपापली पूजाअर्चा करण्याची जशी मोकळीक आहे तशीच मलाही आहे. मी कोणाला बोलावीत नाही, आणि आलेलीला हाकलणारही नाही. सल्लागारांचे म्हणणे असे की, ज्या मुली सर्वस्वी तुमच्या आश्रयाला आहेत त्यांच्यासाठी उघडे दार हे आमंत्रणच आहे.

येथे आम्हाला दोन्ही बाजूंना काही देणे भाग आहे. आश्रयदाता आणि आश्रित यांच्यात 'आपखुशी' हा शब्द जपून वापरावा लागतो. सल्लागारांची शंका निर्मूळ नव्हती, पुढे काही मुली ख्रिस्ती झाल्याही. परंतु विरोधकांचा हिशेबही अपुराच होता. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी अंग काढून घेतले, पालकांनी वीस-पंचवीस मुली परत नेल्या. त्या मुली कोठे गेल्या? बहुतेकींना जाण्यासाठी एकच जागा होती: जेथून त्या आल्या होत्या ते घर. पुण्यातल्या त्या सगळ्या गदारोळात त्यांच्यासाठी दुसरे वसतिगृह, दुसरी शाळा त्या वर्षी कोणी उघडली नाही. देशी पैशाचा अभिमान बाळगणाऱ्यांकडे त्या क्षणी देशी पैसा नव्हता. किंवा होता, पण या कामासाठी नव्हता. बॉस्टनच्या समितीने मात्र हात आखडला नाही. ज्युडिथ अँड्र्यूज या समितीच्या प्रमुख कार्यकर्त्या चौकशीसाठी स्वतः हिंदुस्थानात येऊन गेल्या आणि मदत पुढे चालू राहिली.

आता गोदूबाईंकडे वळू. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली आणि १९०० मध्ये आश्रम हिंगण्यास नेला. कर्वे हिंदू विधवांसाठी हिंदू चालकांचे घर उभे करीत होते, म्हणजे शारदा सदनाची उणीव भरून काढीत होते, हे खरेच आहे. पण विधवा शिकू शकते, शिकली म्हणजे बिघडत नाही, हा अनुभव त्यांच्या घरात पत्नीच्या रूपाने नांदत होता, आणि तो अनुभव बॉस्टनच्या डॉलरांवर घडला होता. हिंगण्याच्या वंशावळीत शारदा सदनाचे नाव लिहावयाचे नसेल तर 'बाया कर्वे' यांचे नावही खोडावे लागेल.

गोदूबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. तीही विधवा. ती हिंगण्यास आली, शिकली, आणि आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव फिरू लागली. इंग्रजी जेमतेम. आणि ही बाई १९१८ मध्ये वर्गणीसाठी थेट अमेरिकेला गेली. तेथे इंग्रजी शिकण्यासाठी आणि पोटासाठी तिने परक्या घरांतून मोलकरणीची कामे केली, आणि १९२० मध्ये आश्रमासाठी निधी घेऊन ती परतली. तिचे 'माझी कहाणी' हे आत्मचरित्र आमच्या अभ्यासक्रमांत क्वचितच येते, याची आम्हाला खंत आहे. तीस वर्षांपूर्वी जो पैसा ख्रिस्ती रमाबाईंमार्फत आला म्हणून बाटगा ठरला होता, त्याच देशाचा पैसा आता एक ब्राह्मण विधवा भांडी घासून आणि हात पसरून आणत होती. पुण्याने तो विटाळ मानला नाही. पैसा कोठून आला यापेक्षा तो कोणाच्या हातातून आला, हाच तर वादाचा खरा मुद्दा नव्हता?

अर्थात मूळ प्रवाह देशीच राहिला. १९२० मध्ये कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपये दिले, त्यांच्या आईचे नाव विद्यापीठाला मिळाले. पण विद्यापीठाची कल्पना कर्व्यांच्या मनात रुजली ती जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून. कल्पना परकी चालते, छापलेला कागद परका चालतो. पैशापाशी आल्यावर मात्र आपण गोत्र विचारतो.

परका पैसा नेहमी निर्मळ असतो असे आम्ही म्हणत नाही. त्याचा पुरावा रमाबाईंच्याच उत्तरायुष्यात आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. बॉस्टनचा दहा वर्षांचा करार १८९८ मध्ये संपला. संस्थेची पुनर्रचना झाली तेव्हा धर्मनिरपेक्षतेचे बंधन राहिले नाही, आणि यापुढील देणग्या मुख्यतः श्रद्धाळू ख्रिस्ती मंडळींच्या होत्या. केडगावात बाया शेती करीत, विणकाम करीत, तेलाचा घाणा चालवीत; छापखान्यात खिळे जुळविणाऱ्याही त्याच, आणि रमाबाईंचे बायबलचे मराठी भाषांतर तेथेच छापले गेले. अर्थार्जनाच्या दृष्टीने हे काम शारदा सदनापेक्षा मोठे होते आणि जातीच्या दृष्टीने अधिक उदार. पण जात-धर्म न सोडता शिकू इच्छिणाऱ्या विधवेसाठी रमाबाईंनी मूळ जे घर मागितले होते ते तेथे उरले नाही. बाई तीच, देश बहुतांशी तोच. बदलल्या त्या अटी. म्हणून आमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न आम्ही थोडा फिरवून विचारतो: पैसा परका आहे काय, हे नंतर पाहू, अट कोणी घातली, योजना कोणाची, आणि मुदत किती?

या तीन प्रश्नांची कसोटी अलीकडच्या काळालाही लावता येते. राज्याच्या महिला आर्थिक विकास महामंडळाने, म्हणजे 'माविम'ने, २००७ ते २०१८ या काळात 'तेजस्विनी' हा ग्रामीण महिलांचा कार्यक्रम राबविला. त्यामागे रोम येथील आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीचे कर्ज होते. दान नव्हे, कर्ज. तरीही ते परकीय साहाय्यच. त्यातून बचत गटांच्या संघांची लोकसंचालित साधन केंद्रे उभी राहिली. गटांना मिळणाऱ्या सेवांचे शुल्क गटांनीच द्यावयाचे आणि केंद्र बायांनीच चालवावयाचे, अशी रचना. मुदत पुन्हा दहा-अकरा वर्षांची, हा योगायोग आम्हाला सूचक वाटतो.

उलट बाजूही पाहावी. परकीय अंशदानाच्या आपल्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार परदेशातून निधी मिळालेल्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे सुपूर्द करता येत नाही. हिशेबाची शिस्त हवी, याबद्दल दुमत नाही. पण लहान गावातल्या, इंग्रजीत अर्ज करू न शकणाऱ्या बायांच्या संस्था मोठ्या संस्थांच्या हातूनच पैसा मिळवीत असत. त्यांची वाट बंद झाली. आणि दात्याच्या घरचे काय? जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी साहाय्य एका आदेशासरशी गोठविले, आणि १९६१ पासून चालत आलेली 'यूएसएड' ही यंत्रणा त्याच वर्षी जुलैमध्ये बंद झाली. बॉस्टनच्या डॉलरवाल्यांनी १८९३ च्या वादळातही जो शब्द पाळला, तो आठवून आम्हाला खेद वाटतो. मदत नाकारण्यासाठी स्वाभिमान हे कारण पुढे करणारे येथेही आहेत आणि स्वदेशहित हे कारण पुढे करणारे तेथेही आहेत. या दोन कारणांच्या मधे जी बाई उभी आहे तिला कोणी विचारलेले नाही. आम्ही स्वतः अशी मदत यावी, कायद्याने ती लहानांपर्यंत पोचू द्यावी, आणि ती मागताना योजना आपली असावी, या मताचे आहोत.

ग्रामीण कार्यक्रमांची ही वर्णने आमच्या विद्यार्थिनीच्या चाळीपर्यंत पोचत नाहीत, हे तिने लगेच दाखवून दिले. खडे चिकटविणाऱ्या बाया एकमेकींना ओळखतात, पण त्यांचा माल उचलणारा मध्यस्थ एकच असतो आणि दर तोच ठरवितो. रमाबाईंच्या तीन गरजांतली पहिली तिला समजावून सांगावी लागली नाही. तिने लघुप्रबंधासाठी पार्वतीबाईंची 'माझी कहाणी' निवडली आहे. ग्रंथालयातली प्रत बांधणी सुटलेली होती. तिने ती झेरॉक्स करून घेतली आणि मूळ प्रत सुतळीने बांधून परत केली.