खंडलाभ (रिस्क)
‘रिस्क’ या पटावरील युद्धखेळात एखादे खंड पूर्ण ताब्यात असल्यास पाळीच्या सुरुवातीला मिळणारी जादा फौज. फ्रेंच चित्रपट-दिग्दर्शक आल्बेर लामोरिस यांचा हा खेळ १९५७ मध्ये आला. पटावर ४२ प्रदेश आणि ६ खंडे असतात. एरवी दर ३ प्रदेशांमागे १, पण किमान ३ तुकड्या मिळतात. म्हणून ऑस्ट्रेलियाच्या २ तुकड्याही आरंभी भरघोस वाटतात, शिवाय तिथे शिरायची वाट एकच, सयाममधून. आशिया ७ देतो, पण प्रदेश १२ आणि हल्ले चहूबाजूंनी. खेळाडू जास्त असताना त्याचा नाद सोडलेलाच बरा. खंड पुरे होताच इतर जण ते फोडायला टपतात आणि एक प्रदेश गेला तरी लाभ बुडतो. शेजारी एकमेकांत गुंतलेले असतील, तेव्हाच खंड पुरे करावे.