ग्रँट, बड

(२० मे १९२७ – ११ मार्च २०२३). कॅनडातील व्यावसायिक फुटबॉलचे विख्यात प्रशिक्षक. मूळ नाव हॅरी पीटर ग्रँट. जन्म अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात सुपीरियर येथे. मिनीॲपोलिस लेकर्सकडून बास्केटबॉल व फिलाडेल्फिया ईगल्सकडून फुटबॉल खेळून १९५३ मध्ये ते विनिपेग ब्लू बॉम्बर्स या कॅनडातील संघात दाखल झाले. आणि १९५७ मध्ये, वयाची तिशीही पूर्ण झालेली नसताना, ज्यांच्या खांद्याला खांदा लावून कालपरवापर्यंत ते खेळले होते, त्याच सहकाऱ्यांवर प्रशिक्षक म्हणून हुकमत चालविण्याची नाजूक कामगिरी संघाच्या कारभाऱ्यांनी त्यांच्यावर सोपविली. पुढील दहा हंगामांत विनिपेगने सहा वेळा ग्रे चषकाचा, म्हणजे कॅनडातील व्यावसायिक फुटबॉलच्या विजेतेपदाचा, अंतिम सामना गाठला, प्रत्येक वेळी प्रतिस्पर्धी हॅमिल्टनचाच संघ होता, आणि १९५८, १९५९, १९६१ व १९६२ या चार वर्षी विजयश्रीने विनिपेगला माळ घातली. यांपैकी १९६२ चा टोराँटोतील सामना विलक्षणच म्हणावा लागेल: सरोवरावरून आलेल्या दाट धुक्यात चेंडू दिसेनासा झाल्यामुळे तो अखेरची साडेनऊ मिनिटे शिल्लक असताना तहकूब करावा लागला व दुसऱ्या दिवशी पुरा होऊन विनिपेगने तो २८–२७ असा अवघ्या एका गुणाने जिंकला. आरडाओरड न करता, निर्विकार मुद्रेने शिस्त राखणे ही त्यांची पद्धती. कडाक्याच्या थंडीतही ते मैदानाच्या कडेला खेळाडूंसाठी शेगड्या ठेवू देत नसत, हे मात्र काहीसे निष्ठुरच. १९६७ पासून त्यांनी अमेरिकेतील मिनेसोटा व्हायकिंग्जचे नेतृत्व केले. तेथे चारदा सुपर बोल हा अमेरिकेतील विजेतेपदाचा अंतिम सामना गाठूनही जेतेपद लाभले नाही. कॅनडा व अमेरिका या दोन्ही देशांच्या व्यावसायिक फुटबॉल कीर्तिमंदिरांत समाविष्ट झालेले ते पहिले पुरुष होत.