चार दरवाजे आणि पाच खिडक्या

विद्यापीठाचा पदवीदान समारंभ म्हटला की काळे झगे, चौकोनी टोप्या, मिरवत येणारा मानदंड आणि न संपणारी भाषणे एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. अशा समारंभात कोणाच्या जिवाला धोका असेल ही कल्पना करंजीचा तुकडा मोडता मोडता मनात आणणे काहीसे अभद्रच. पण इतिहास हा विषय तिथीवार पाहून वागणारा नाही. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही, त्यामुळे झगा घालण्याचा योग कधी आला नाही. मांडवात मात्र मी पुष्कळदा बसलो आहे. माझ्या हातांखालून गेलेली मुले पदवी घेतात तेव्हा मास्तरांना बोलावणे येते, आणि मागच्या रांगेत बसलेल्या मास्तराला व्यासपीठापेक्षा दरवाजे अधिक दिसतात!

महाविद्यालयांच्या आवारातला बंदोबस्त आज आपल्या अंगवळणी पडला आहे. त्याचे मूळ शोधू लागलो तर पुण्याच्या फर्गसन महाविद्यालयाशी थांबावे लागते. २२ जुलै १९३१ रोजी मुंबई इलाख्याचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन तेथील वाडिया ग्रंथालय पाहायला आले होते. सोलापूरच्या लष्करी कायद्याची आणि चार हुतात्म्यांच्या फाशीची आग तरुणांच्या मनात धुमसत होती. वासुदेव बळवंत गोगटे हा त्याच महाविद्यालयाचा विद्यार्थी पुढे आला आणि त्याने अगदी जवळून पिस्तूल झाडले. गोळी गव्हर्नरांच्या खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर अडली, म्हणून ते वाचले. पुढे सहाच महिन्यांनी, ६ फेब्रुवारी १९३२ ला, कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात बीना दास या तरुणीने गव्हर्नर स्टॅन्ली जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. ती काही भिंतीवरून उडी मारून आलेली नव्हती. पदवी घ्यायला रीतसर आलेली विद्यार्थिनी होती ती!

या दोन घटनांनी सरकारी मनावर जो ठसा उमटवला तो राज्य बदलले तरी पुसला गेला नाही, असे मला वाटते. पाहुणा आत, धोका बाहेर. सबब दारे बंद करा, एकच दार ठेवा आणि त्यातून एकेकाला तपासून सोडा. यालाच आपण बंदोबस्त म्हणतो. शब्दच पाहा ना! बंद या शब्दानेच त्याची सुरुवात होते.

आमच्या भागात या बंदोबस्ताला कारणही आहे, ते मी नाकारीत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाला, त्याच्या आधीच नक्षलवादी चळवळ या जंगलात उतरली होती. पुढची कित्येक वर्षे येथे सभा भरवायची म्हणजे आधी रस्ता तपासायचा, पूल तपासायचे, मग मांडव. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनाच्याच दिवशी, कुरखेड्याकडच्या जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात १५ जवान गेले. त्या जिल्ह्यात पोलिसाने दार लावून घेतले तर त्याला हसण्याचा अधिकार मुंबई-पुण्याच्या माणसाला नाही. नागपूर विद्यापीठाच्या छत्राखाली असलेली या दोन जिल्ह्यांतली महाविद्यालये २०११ मध्ये नव्या गोंडवाना विद्यापीठात आली आणि गडचिरोलीसारख्या गावात पदवीदान समारंभ होऊ लागले. ५ जुलै २०२३ रोजी दहाव्या समारंभाला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू आल्या. आदिवासी मुलींच्या हाती पदव्या आणि व्यासपीठावर आदिवासी राष्ट्रपती, हे दृश्य पाहण्यासाठी तपासणीच्या रांगेत दोन तास उभे राहायला कोण कुरकुरेल?

परंतु बंदुकीपासून राखणे आणि गर्दीपासून राखणे ही दोन वेगळी कामे आहेत. वेगळी कसली, पुष्कळदा ती एकमेकांच्या उलट आहेत. पहिल्याला दारे लावावी लागतात, दुसऱ्याला उघडावी लागतात.

केरळातल्या कोची विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात २५ नोव्हेंबर २०२३ च्या संध्याकाळी गाण्याचा कार्यक्रम होता. उघडे प्रेक्षागृह, आत उतरायला पायऱ्या, आणि बाहेर ताटकळलेली मुले. पाऊस आला. कोणी वैरी आला नाही, बाँब फुटला नाही, नुसता पाऊस आला. आडोशासाठी मुले एकाच वेळी दाराकडे लोटली, पुढची पायऱ्यांवर पडली, आणि चार जीव गेले. त्या चौघांना कोणत्या पिस्तुलापासून वाचवायचे होते?

असेच, पण याहून किती तरी भयंकर, आमच्या नागपुरात घडले होते. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधानसभेचे अधिवेशन चालू असताना विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या गोवारी बंधुभगिनींचा मोर्चा सीताबर्डीला अडवण्यात आला. पुढे कठडे, मागून येणारे लोक, त्यात लाठीमार. ११४ माणसे गेली. त्यांत बहुतेक बाया आणि लेकरे. गर्दीत माणूस तुडवला जाऊन मरतो अशी आपली समजूत असते. खरे म्हणजे पुष्कळजण उभ्याउभ्याच गुदमरतात. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेत पाच-सहा माणसे उभी राहिली की माणसाची चाल संपते आणि पाण्याची सुरू होते. मागचा रेटा लाटेसारखा पुढे येतो, छातीला फुगायला जागा उरत नाही. पुढे काय झाले हे मागच्याला कळत नाही, आणि पुढच्याला ओरडायला श्वास नसतो. अशा वेळी लोक पिसाटले, लोकांना शिस्त नाही, असे दुसऱ्या दिवशी म्हटले जाते. मला हा आरोप नेहमीच अन्यायाचा वाटतो. पाण्याला कोणी बेशिस्त म्हणते काय? सांडवा कोठे काढला होता ते आधी विचारावे.

चंद्रपूरच्या माणसाला हे शिकायला केरळापर्यंत जाण्याची गरज नाही. गोंड राजांनी बांधलेला परकोट त्याच्या गावाभोवती अजून उभा आहे. सुमारे सात मैलांचा हा कोट खांडक्या बल्लाळशहाने आरंभला आणि पुढच्या राजांनी पुरा केला. त्याला जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे. ते शाळेतल्या पोरालाही पाठ असतात. पण त्याखेरीज पाच खिडक्या आहेत: बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसाण. खिडकी म्हणजे कोटातले लहान दार. नुसती नावे वाचली तरी लक्षात येते की कोणी देवाला जायचे, कोणी मढे न्यायचे, आणि ज्याला गाजावाजा नको त्याचीही सोय होती. शत्रूला अडवण्यासाठी ज्याने एवढी भिंत घातली त्यानेही आतल्या माणसाला बाहेर पडायला नऊ वाटा ठेवल्या. आमच्याकडच्या एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात हजारभर मुलांच्या मांडवाला मी दोन वाटा मोजल्या, त्यांपैकी एकीला कुलूप होते आणि किल्ली ज्या शिपायाजवळ होती तो चहाला गेला होता. गोंड राजाच्या पहारेकऱ्याचे याबद्दल काय झाले असते कोण जाणे!

याच चंद्रपुरात, तेव्हाच्या चांद्यात, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षा समारंभ केला. नागपूरचा सोहळा होऊन दोनच दिवस झाले होते. बाबासाहेबांची प्रकृती ढासळलेली होती, पुढे अवघ्या ५१ दिवसांनी ते गेले. चांद्याच्या समारंभाची धुरा बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांनी वाहिली. आपले जिल्हे तेव्हा मध्य प्रदेशात होते, मुंबई राज्यात यायला दोन आठवडे अवकाश होता. गावाची वस्ती पन्नास हजारांच्या आसपास आणि आलेल्यांचा आकडा दोन-तीन लाख सांगतात. म्हणजे घरात चार माणसे असावीत आणि पाहुणे वीस यावेत! कोणी रेल्वेने चांद्याला किंवा चांदा फोर्टला उतरले, कोणी बैलगाडीने आले, कोणी भाकरी बांधून चालत. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या मुख्य वाटेने ताठ मानेने जाता येत नव्हते ते त्या दिवशी शुभ्र कपड्यांत राजरस्त्याने चालले.

एवढा जनसमुदाय कसा सांभाळला, या प्रश्नाने मला कादंबरीकार म्हणून पुष्कळ छळले आहे. म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारले की सगळे एकच सांगतात: गाव गावाबरोबर आले, गावाबरोबर बसले आणि गावाबरोबर परतले. कोणाची पोरगी कोणाजवळ आहे हे शेजारणीला ठाऊक होते. मैदान उघडे होते, चारी अंगांनी निघायला वाट होती. आजच्या भाषेत सांगायचे तर त्या गर्दीला आतून बांधणी होती आणि बाहेरून कुलूप नव्हते. त्याच भूमीवर पुढे डॉ. आंबेडकर महाविद्यालय उभे राहिले, आणि दरवर्षी १५ व १६ ऑक्टोबरला त्याच आवारात हजारो माणसे जमतात. महाविद्यालयाचे आवार आणि लोकांचे मैदान एकच असण्याचे असे उदाहरण आपल्याकडे विरळाच.

आमच्याकडच्या हवेचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यातून माणसे येतात, झरपट नदीवर उतरतात, तेव्हा चंद्रपूरचा पारा चाळिशी ओलांडून चाललेला असतो. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्रभूषण सोहळ्यात उन्हाने १४ माणसे दगावली, आणि ते तर समुद्राकाठचे ऊन. आमच्या उन्हात दुपारी बारा वाजता मांडवाबाहेर रांग लावणे हे पाहुण्याच्या वेळेसाठी सोयीचे असेल, रांगेतल्या माणसासाठी नाही. पाण्याचा माठ हा आमच्याकडे बंदोबस्ताचाच भाग मानला पाहिजे, आणि तो तपासणीच्या अलीकडे हवा, पलीकडे नव्हे.

जुलैत दुसरे संकट. भामरागडला पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या घरात. समारंभाची आखणी करणारे मंडळी मांडवाच्या दारापर्यंतचा विचार करतात, पण तेथे येणारी मुलगी आदल्या रात्री निघालेली असते आणि तिला परत जायचे असते. माझी एक विद्यार्थिनी पदवीची गुंडाळी छातीशी धरून बसस्थानकावर रात्र काढून आली. सुवर्णपदकाचे भाषण लांबले आणि शेवटची गाडी सुटली होती. तिला कोणी धक्का मारला नाही, समारंभ निर्विघ्न पार पडला असेच दुसऱ्या दिवशीच्या बातमीत होते.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ मध्ये गर्दीच्या नियोजनाची एक पुस्तिका काढली. तिच्यात किती माणसे मावतील ते आधी ठरवा, येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी ठेवा, रुग्णवाहिकेची वाट मोकळी ठेवा, अशा साध्या गोष्टी आहेत. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने, जो आता एका महाविद्यालयात प्राध्यापक आहे, यंदा त्या वाचून एक कागद केला. मांडवाचा नकाशा काढला, बाहेर जाण्याच्या सहा वाटा लाल शाईने दाखवल्या, प्रत्येक वाटेवर दोन मुले नेमली आणि त्यांना एकच काम दिले: कार्यक्रम काहीही असो, मागे वळून व्यासपीठाकडे पाहायचे नाही, दाराकडे पाहायचे. कार्यक्रमाचा शेवट एस.टी.च्या वेळापत्रकावरून ठरवला आणि अध्यक्षांना तसे लेखी कळवले. अध्यक्ष जरा रुसले म्हणतात. कागद दाखवायला तो माझ्याकडे आला तेव्हा मी कोपऱ्यात बोट ठेवले, तेथे एक सातवी वाट पेन्सिलने काढलेली होती, स्वयंपाकघराच्या बाजूने. "ही कशाला रे?" मी विचारले. "मास्तर," तो म्हणाला, "ही चोर खिडकी."