व्यायाम आणि वेदना : म्हैसूरच्या गरडीपासून प्रयोगशाळेपर्यंत

म्हैसूरच्या दसऱ्यात विजयादशमीला जंबू सवारी राजवाड्यातून निघते आणि सुमारे पाच किलोमीटरवरच्या बन्नीमंटपाला जाऊन संपते. बन्नी म्हणजे आपली शमी. पांडवांनी शस्त्रे ज्या झाडावर ठेवली त्याच झाडाची ही पूजा. महाराष्ट्रातल्या सीमोल्लंघनाशी तिचे नाते लगेच लक्षात येते. त्याच दिवशी, सवारी निघण्यापूर्वी, राजवाड्याच्या आवारात वज्रमुष्टी काळग होते. जेट्टी घराण्यांतले मल्ल डोके भादरून, हाताच्या बोटांत कठीण मुष्टी अडकवून समोरासमोर येतात. एकाच्या डोक्यातून पहिले रक्त आले की लढत थांबवली जाते.

पाहणाऱ्याच्या मनात साधा प्रश्न येतो : याला दुखत नाही का? आणि दुखत नसेल, तर ते वर्षभराच्या व्यायामामुळे की त्या क्षणाच्या आवेशामुळे? या टिपणाचा विषय हा प्रश्नच आहे, कारण वैद्यकशास्त्राला तो नीट विचारायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

आधी दोन संज्ञा वेगळ्या करू. दाब, उष्णता किंवा थंडी वाढवत नेली की ज्या क्षणी माणूस 'आता दुखू लागले' म्हणतो तो वेदनेचा उंबरठा. ज्या क्षणी तो 'आता पुरे' म्हणतो ती वेदना-सहनशीलता. मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो, म्हणून मला तन्यता चाचणी आठवते : यील्ड पॉइंट वेगळा, अंतिम सामर्थ्य वेगळे. एकात वाढ झाली म्हणून दुसऱ्यात होईलच असे नाही. पुढचा बराचसा घोळ हे दोन आकडे एकत्र केल्यामुळे झाला आहे.

व्यायामाचे प्रकार पाडणे ही मात्र आधुनिक कल्पना नव्हे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावरील 'मानसोल्लास' हा बाराव्या शतकातला ग्रंथ. त्यात मल्लांच्या रोजच्या मेहनतीची वेगवेगळी नावे आहेत : वजन उचलण्याचा भारश्रम, चालण्याचा भ्रमणश्रम, पोहण्याचा सलिलश्रम, जोडीदाराबरोबर झटापटीचा बाहुपेल्लणकश्रम आणि खांबावरचा स्तंभश्रम. शेवटचा वाचताना मराठी वाचकाला मल्लखांब दिसतो. त्याआधी सुश्रुतसंहितेने प्रमाण सांगितले होते : व्यायाम अर्ध्या बळाने करावा, आणि श्वास तोंडाने येऊ लागला की अर्धे बळ संपले असे समजावे. प्रकार आणि मात्रा, दोन्ही विचार होते. वेदना मोजण्याची रीत तेवढी नव्हती.

म्हैसूरची गरडी आणि महाराष्ट्रातली तालीम या दोन ठिकाणी नव्या पोराला पहिल्या आठवड्यात वेदनेची ओळख होते ती मारामुळे नव्हे, बैठकांमुळे. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, जिना उतरवत नाही. या उशिरा येणाऱ्या दुखण्याचा पद्धतशीर अभ्यास थिओडोर हॉफ यांनी 1902 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केला. स्नायू ताणला जात असतानाच त्याला जोर लावावा लागला, म्हणजे बैठकीत खाली बसताना होते तसे, तर हे दुखणे जास्त येते. एक-दोन दिवस तो स्नायू साध्या दाबालाही अधिक संवेदनशील होतो. म्हणजे व्यायामाने वेदना-संवेदना वाढतेसुद्धा. तीच कसरत काही दिवसांनी पुन्हा केली की त्रास बराच कमी असतो. वस्ताद पोरांना दुसऱ्या दिवशीही यायला लावतात यामागे हा अनुभव असावा, असे मला वाटते.

आखाड्यातल्या निर्धास्तपणाबद्दल मात्र सावध राहायला हवे. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या भूलतज्ज्ञाने पाहिले की गंभीर जखमी झालेले बरेच सैनिक वेदनाशामक मागतच नव्हते. त्याने हे 1946 मध्ये लिहिले. त्या सैनिकांनी जखमेआधी कसरत केली म्हणून हे घडले नव्हते. जखमेचा त्यांच्या दृष्टीने अर्थ काय, यावर ते अवलंबून होते. हजारो लोकांसमोर, परंपरेच्या मानासाठी उतरलेल्या जेट्टी मल्लालाही हेच लागू पडते. व्यायामाचा परिणाम वेगळा काढायचा तर लढत बाजूला ठेवून फक्त कसरत मोजावी लागते.

ती मोजणी सुरू झाली 1970 च्या दशकाच्या शेवटी. 1975 मध्ये ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी मेंदूत तयार होणारी अफूसदृश द्रव्ये वेगळी केल्याचे जाहीर केले होते. 1979 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्लॅक, चेशर आणि स्टार्मर यांनी लांब पल्ल्याच्या धावपटूच्या वेदनाराहित्यावर टिपण छापले. युक्तिवाद सरळ होता : धावल्याने वेदना कमी होते ती एंडॉर्फिनमुळे, तर एंडॉर्फिनचे काम अडवणारे नॅलोक्सोन टोचले की ती परत यायला हवी. काही प्रयोगांत तसे झाले, काहींत नाही. वर्तमानपत्रांनी मात्र एंडॉर्फिनची गोष्ट उचलली आणि ती आजही व्यायामशाळांच्या भिंतींवर आहे. 2015 मध्ये जर्मनीतल्या फुस आणि सहकाऱ्यांनी चाकावर धावणाऱ्या उंदरांत दाखवले की तिथे वेदना कमी होण्यामागे शरीरातली गांजासदृश द्रव्ये आहेत. एकच रसायन सगळे करते, ही कल्पना टिकलेली नाही.

दरम्यान स्वीडनमध्ये कोसेक आणि एकहोल्म यांनी 1995 मध्ये धावण्याऐवजी स्थिर आकुंचन घेतले : मांडीचा स्नायू ताठ धरून ठेवायचा आणि त्याच वेळी दाबाने दुखण्याचा उंबरठा मोजायचा. निरोगी माणसांत तो वाढला. पुढच्याच वर्षी त्यांनी हॅन्सन यांच्यासह हाच प्रयोग फायब्रोमायाल्जिया, म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखणे असलेल्या रुग्णांवर केला. त्यांच्यात उंबरठा खाली आला. माझ्या मते या इतिहासातला हा सर्वात महत्त्वाचा टप्पा. 'थोडा व्यायाम कर, दुखणे पळून जाईल' हा सल्ला ऐकून जी बाई प्रयत्न करते आणि जिचे दुखणे वाढते, तिला घरचे आळशी म्हणतात. तिचे म्हणणे खरे असू शकते हे या मोजमापाने सांगितले. सुश्रुताचे अर्धे बळ तिच्यासाठी आणखी अर्धे करावे लागेल.

2012 मध्ये केली नॉगल, फिलिंगिम आणि रायली यांनी तोवरचे प्रयोग एकत्र तपासले. निरोगी माणसांत धावणे-सायकलसारख्या व्यायामाचा परिणाम मध्यम, स्थिर आकुंचनाचा मोठा, आणि वजन उचलण्याचाही दिसणारा, पण त्यावरचे प्रयोग थोडे. दीर्घकालीन दुखण्याच्या रुग्णांत निकाल एकसारखे नव्हते. हे सगळे एका वेळच्या व्यायामानंतरचे, मिनिटांत मोजायचे परिणाम. रोजच्या सरावाने काय होते, हा निराळा प्रश्न. 2014 मध्ये ऑस्ट्रेलियात सहा आठवडे सायकल चालवलेल्या निरोगी लोकांची सहनशीलता वाढली, उंबरठा होता तिथेच राहिला. दुखू लागते तेव्हाच, पण माणूस जास्त वेळ थांबतो. गरडीतला मल्ल याच वर्गात बसेल, असा माझा तर्क.

म्हैसूरकडे परत येण्याचे आणखी एक कारण आहे. 1930 च्या दशकात कृष्णराज वाडियारांच्या आश्रयाने जगनमोहन राजवाड्यात तिरुमलै कृष्णम्माचार्य यांची योगशाळा चालत असे. तिच्यातून तीन वेगळ्या रीती निघाल्या. पट्टाभि जोइस यांनी श्वासाबरोबर सतत हालचालीचा क्रम म्हैसुरातच शिकवला. बी. के. एस. अय्यंगार 1937 मध्ये पुण्याला आले आणि त्यांची ओळख झाली ती उभ्या आसनांत दीर्घकाळ स्थिर राहण्यामुळे. कृष्णम्माचार्यांचे पुत्र देशिकाचार यांनी माणूस पाहून आसन ठरवण्यावर भर दिला. एक घाम काढणारी, एक स्नायू धरून ठेवणारी, एक मात्रा जुळवणारी. ही विभागणी ढोबळ आहे, पण प्रयोगशाळेच्या वर्गवारीशी जुळते.

यांपैकी दोघांचा वारसा पुढे चाचण्यांत उतरला. 2005 मध्ये अमेरिकेत कॅरेन शर्मन यांनी कंबरदुखीच्या 101 रुग्णांवर देशिकाचारांच्या परंपरेतला विनियोग तपासला. 2011 मध्ये ब्रिटनमधल्या 313 रुग्णांच्या चाचणीत शिक्षकांपैकी काही अय्यंगार परंपरेतले होते. दोन्हींत योगाच्या गटाची हालचाल सुधारली. कॅनडातल्या विल्मूर आणि बुशनेल यांच्या अभ्यासात दीर्घकाळ योग करणाऱ्यांनी थंड पाण्यात हात दुपटीहून अधिक वेळ ठेवला. अर्थात असे लोक मुळातच चिकाटीचे असतील, ही शंका तुलनेच्या अभ्यासात उरतेच.

शर्मन यांनी 2011 मध्ये 228 रुग्णांवर पुन्हा चाचणी घेतली. या वेळी योगाच्या शेजारी स्नायू ताणण्याच्या साध्या व्यायामाचा वर्ग ठेवला आणि तिसऱ्या गटाला कंबरदुखीची काळजी कशी घ्यावी याचे पुस्तक दिले. योग पुस्तकापेक्षा सरस ठरला. ताणाच्या व्यायामापेक्षा नाही. कृष्णम्माचार्यांच्या आसनक्रमात राजवाड्यातल्या व्यायामशाळेच्या कवायती मिसळल्या होत्या, असे नॉर्मन स्योमान यांनी 1996 च्या आपल्या पुस्तकात मांडले आहे. ते ज्याला पटते त्याला या निकालाचे फारसे आश्चर्य वाटणार नाही.