विश्लेषण : चित्रातले पाते खुकरीचे की कोयत्याचे? नेपाळी खुकरी कशी ओळखायची?

पुस्तकात किंवा मासिकात वाकड्या पात्याचे शस्त्र दिसले की त्याला सहज ‘खुकरी’ म्हटले जाते. पण प्रत्येक वाकडे पाते खुकरीचे नसते. सोलापूर जिल्ह्यात ऊसतोडणीच्या हंगामात दिसणारा कोयताही वाकडाच असतो. मग फरक ओळखायचा कसा?

पात्यात काय पाहायचे?

खुकरीचे पाते मुठीपासून थोडे सरळ जाते आणि मग धारेच्या बाजूला खाली झुकते. तिथे ते रुंद होते, पोट सुटल्यासारखे दिसते आणि टोकाशी निमुळते होते. धार आतल्या बाजूला, तर पाठ जाड असते. वक्र तलवारीत याच्या उलट, धार बाहेरच्या बाजूला असते. चित्रात खुकरीची धार बाहेरून दाखवली असेल, तर ती चित्रकाराची चूक समजावी.

कोयत्याची धारही आतूनच असते. मात्र त्याचे वळण विळ्यासारखे असते. खुकरीचे फुगीर पोट आणि टोकदार शेवट त्याला सहसा नसतो.

आणखी खुणा कोणत्या?

- खाच : मुठीजवळ धारेच्या बाजूला लहानशी खाच असते. तिला नेपाळीत ‘काउडी’ म्हणतात. कोणी ती गाईच्या खुराचे, तर कोणी शिवाच्या त्रिशूळाचे चिन्ह मानते. रक्त मुठीपर्यंत ओघळू नये म्हणून ती असते, असेही सांगितले जाते.
- मूठ : लाकडाची किंवा म्हशीच्या शिंगाची. हाताच्या रक्षणासाठी तलवारीसारखी आडवी पट्टी नसते.
- म्यान : लाकडी, वरून चामडे. त्यात मागच्या बाजूला अनेकदा दोन छोटी पाती खोचलेली असतात. धारदार ‘कर्दा’ बारीकसारीक कामासाठी, तर बोथट ‘चकमक’ धार नीट करण्यासाठी आणि ठिणगी पाडण्यासाठी.

चित्रे कुठे आढळतात?

१८१४ ते १८१६ च्या इंग्रज-नेपाळ युद्धाच्या काळात ब्रिटिशांनी गोरखा सैनिकांची भरती सुरू केली. त्यानंतर खुकरी इंग्रजी लिखाणातून जगभर पोहोचली. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीत शेवटी ड्रॅक्युलाच्या गळ्यावर खुकरीच चालते. अनेक चित्रपटांनी मात्र तिच्या जागी लाकडी खुंटी दाखवली.

भारतीय लष्कराच्या गोरखा रेजिमेंटच्या बोधचिन्हांत एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या दोन खुकऱ्या दिसतात. नेपाळच्या राजेशाहीच्या काळातील राजचिन्हातही त्या होत्या. २००६ मध्ये आलेल्या नव्या चिन्हात त्या नाहीत. त्यामुळे चित्र कोणत्या काळातले आहे, याचा अंदाज येतो.

संदर्भ शोधताना एक काळजी घ्यावी. ‘खुकरी’ हे नौदलाच्या युद्धनौकेचेही नाव होते. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने ‘आयएनएस खुकरी’ बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १९४ जणांना वीरमरण आले. पुढे याच नावाची दुसरी नौका मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली गेली.

ही ओळख महत्त्वाची का?

‘म्यानातून निघालेली खुकरी रक्त चाखल्याशिवाय परत जात नाही’ ही समजूत लोकप्रिय आहे. प्रत्यक्षात नेपाळच्या डोंगराळ गावांत खुकरीने लाकूड फोडतात, झुडपे तोडतात, भाजी आणि मांस कापतात. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, तशी तिथे दशैंत होते.

मराठीत ‘गुरखा’ हा शब्द रात्रीच्या पहारेकऱ्यासाठी रूढ झाला आहे. मुळात गोरखा हे नेपाळमधील एका जिल्ह्याचे नाव. हाती खुकरी दिलेला उग्र नेपाळी माणूस चित्रांत वारंवार दिसला, की रोजच्या कामाचे अवजार विसरले जाते आणि आपल्याच गल्लीत राहणाऱ्या माणसाची चुकीची प्रतिमा तयार होते. ऊसतोड कामगाराच्या हातातील कोयता गुन्ह्याच्या बातमीपुरता उरावा, तसेच हे आहे. म्हणून चित्र पाहताना पात्याचा आकार तपासावा आणि ते कोणाच्या हातात, कशासाठी दाखवले आहे, हेही पाहावे.