पाऊस कोण सांभाळणार?

आजोबा गवंडी. मुंबईतल्या मरोळच्या गावठाणातल्या निम्म्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांना त्यांचा हात लागलेला. चर्चच्या बाहेरच्या भिंतीचा विषय निघाला की म्हणायचे, "आतला देव पाद्री सांभाळतील. पाऊस कोण सांभाळणार?"

त्यांची गोष्ट हटकून जवळच्या कोंडिवटे गावच्या देवळापाशी यायची. चर्चला ते देऊळच म्हणत. जेझुइटांनी 1579 मध्ये संत जॉन बाप्तिस्ताच्या नावानं ते बांधलं. जवळच महाकालीची लेणी, तीही मूळची कोंडिवट्याचीच. 1737 मध्ये हे सगळं साष्टी बेट मराठ्यांनी घेतलं, 1774 मध्ये इंग्रजांनी; भिंती जागच्या हलल्या नाहीत. मग 1840 च्या साथीनं गाव उठलं, मरोळला आलं. पुस्तकं साथ एवढंच सांगतात. आजोबा 'पटकी' म्हणायचे, आणि वर बजावायचे, "देऊळ पटकीनं नाही पडलं. चुना लावायला माणूस उरलं नाही म्हणून पडलं."

हे मला तेव्हा अतिशयोक्तीचं वाटे. पण चुन्याचं ते मनापासून सांगत. चुनकळी पाण्यात विरवायची, खड्ड्यात मुरवायची, चुन्याच्या घाणीत रेतीबरोबर मळायची. गूळ नि हिरड्याचं पाणी घालायचं. दगडांच्या दरजा भरायच्या, मग गिलावा, आणि दर पावसाळ्यानंतर पांढरा हात. चुन्यातून ओल येते तशी बाहेर निघून जाते. सिमेंट ती आत कोंडतं. भिंतीला घाम आला तर पुसावा, तोंड दाबू नये, असं त्यांचं सूत्र.

ते गेल्यावर आमच्या जुन्या घराला आम्ही घाईनं बाहेरून सिमेंट मारून घेतलं. दुसऱ्याच पावसात आतला रंग फुगला. आजोबा असते तर हसले नसते, नुसते भिंतीकडे बघत बसले असते. त्याचंच जास्त लागतं.

कोंडिवट्याचं देऊळ आता सीप्झ औद्योगिक वसाहतीच्या कुंपणात आहे. 1973 पासून भोवती कारखाने आणि कार्यालयं. मे महिन्यात एकदा आत मिस्सा होते. एका वर्षी मीही गेलो. छप्पर नाही, दर्शनी भिंत तेवढी ताठ. दगडांच्या दरजांवरून बोट फिरवत होतो, तर शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "काय शोधतोस रे बाबा?"

"आजोबांचा चुना."

"तुझा आजोबा मरोळचा," त्या म्हणाल्या. "त्यानं ह्या भिंतीला कधी हात लावला?"