तगाई ते अनुदान

निजामपुऱ्यात बसून आपण शेतीबद्दल बोलतोय, याचं नवल वाटू नये. यंत्रमागांच्या या शहराभोवतीचा तालुका मूळचा भाताचा.

1880 च्या दुष्काळ आयोगानंतर इंग्रज सरकारने 1883 आणि 1884 असे दोन तगाई कायदे केले. तगाई म्हणजे मदत नव्हे, कर्ज. बुडालेल्या शेतकऱ्याने ते व्याजासकट फेडायचं. 1896 च्या दुष्काळात टिळकांनी 'केसरी'तून लोकांना सांगितलं, की फॅमिन कोडात लिहिलेली सवलत मागणं ही भीक नव्हे, तो हक्क आहे. आम्हांला खरं वळण इथे दिसतं.

आज कर्जाऐवजी अनुदान मिळतं. 2015 मध्ये नुकसानीची अट 50 टक्क्यांवरून 33 वर आली. ठीकच झालं. पण पैसे जातात ते सातबाऱ्यावरच्या नावाला. तोंडी बोलीवर खंडाने भात लावणाऱ्याचं नाव तिथे नसतंच. पीक त्याचं कुजतं, अनुदान मालकाच्या खात्यात पडतं.

म्हणजे हक्क मान्य झाला. हक्कदार कोण, एवढंच आपण अजून ठरवलेलं नाही.